सोसायटीच्या कमिटीचे कायद्याचे आणि पैशाचे प्रश्न: मराठवाड्यातील गृहनिर्माण संस्थांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, परभणी, बीड, हिंगोली आणि धाराशिव इथल्या सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि साधे सभासद जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी प्रश्न १ वाचा, मग तुमचा प्रश्न शोधा. पैसा कमी पडल्यामुळे कमिट्या अडचणीत येतात असे दिसते, पण बहुतेक वेळा कमी पडलेला असतो तो कागद: ठराव, नोटीस किंवा पोच.

१. आमच्या बिल्डिंगला सगळे सोसायटी म्हणतात, पण कागदावर "अपार्टमेंट" आहे. त्यानं काही फरक पडतो का?

खूप पडतो. कपाटात उपनिबंधक कार्यालयाचे नोंदणी प्रमाणपत्र आणि मंजूर उपविधी (संस्थेची नियमावली) असतील, तर तुमची सहकारी संस्था आहे आणि तुम्हाला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. २०१९ मध्ये त्यात गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण तेरा-ब घातले गेले. रजिस्ट्री ऑफिसात नोंदवलेले घोषणापत्र आणि प्रत्येक मालकाच्या नावाचे डीड ऑफ अपार्टमेंट असेल, तर तुम्ही महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० खाली येता. तिथे खर्चाची वाटणी आणि मतांचे वजन घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या (सामाईक जागेतल्या वाट्याच्या) टक्क्यावर ठरते.

तिसराही प्रकार आहे आणि तोच सर्वात धोक्याचा. नोंदणी कसलीच नाही, फक्त रबरी शिक्का, पावतीपुस्तक आणि कुणा दोघांच्या नावावरचे बँक खाते. अशा मंडळाला कायद्याने वसुली करता येत नाही आणि जमा झालेला पैसा त्या दोघांच्या अंगावर राहतो. बिल्डर सही देत नसेल तर सदनिकाधारक असहकार्याच्या कारणावरून स्वतः संस्था नोंदणीचा प्रस्ताव दाखल करू शकतात. बिल्डरची वाट बघत बसू नका.

खालची उत्तरे मुख्यतः सहकारी संस्थांसाठी आहेत. अपार्टमेंटसाठी वेगळे असेल तिथे तसे लिहिले आहे.

२. कमिटीत नाव द्या म्हणतात. उद्या काही झालं तर माझ्या खिशातून भरावं लागेल का?

लागू शकते. कमिटीच्या निर्णयांना सगळे सदस्य एकत्रितपणे आणि वैयक्तिकपणे जबाबदार असतात. संस्थेचे नुकसान झाल्याचे लेखापरीक्षणात किंवा चौकशीत सिद्ध झाले, तर कलम ८८ खाली रक्कम वसूल होऊ शकते. मात्र नैसर्गिक आपत्ती, अपघात किंवा हाताबाहेरच्या कारणाने झालेले नुकसान तुमच्यावर लादता येत नाही.

एखादा निर्णय पटत नसेल तर बैठकीतच विरोध नोंदवा आणि इतिवृत्तात तुमच्या नावासह लिहून घ्या. त्या ठरावापासून सात दिवसांत निबंधकांना लेखी कळवले तर बाजू आणखी पक्की होते. बैठकीला गैरहजर राहून नंतर इतिवृत्तावर सही करणे मात्र अंगाशी येते, कारण त्या सहीने तुम्ही तो निर्णय कायम केलेला असतो.

३. मेंटेनन्स सगळ्यांना सारखा की फ्लॅटच्या आकाराप्रमाणे? तळमजल्यावाले म्हणतात, आम्ही लिफ्टचे पैसे देणार नाही.

आदर्श उपविधींत (शासनाने दिलेल्या नमुना नियमावलीत) प्रत्येक खर्चाचे माप वेगळे आहे. वॉचमन, झाडलोट, सामाईक वीज, कार्यालय असा सेवा खर्च सर्व सदनिकांवर सारखा असतो. टू बीएचके आणि थ्री बीएचके यात फरक नाही. लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सभासदांवर समान, वापर असो वा नसो. तळमजल्याची तक्रार समजण्यासारखी आहे, पण उपविधी त्यांच्या बाजूने नाही. मालमत्ता कर प्रत्येकाच्या आकारणीप्रमाणे आणि पार्किंग शुल्क जागांच्या संख्येप्रमाणे. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर असतो (प्रश्न ७).

अपार्टमेंटमध्ये गणित उलटे आहे. तिथे सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याप्रमाणे, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. दोन्हीकडचे नियम सोयीप्रमाणे मिसळले की वाद सुरू होतो.

४. मार्च ते जून टँकरवरच चालतं. टँकरचा खर्च कसा वाटायचा?

उपविधींप्रमाणे पाणीपट्टी प्रत्येक सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार यांवर वाटायची असते. टँकरचे पाणी त्याच टाकीत पडते, त्यामुळे तेच माप धरणे सर्वात सुरक्षित. व्यवहारात बहुतेक संस्था समान वाटणी करतात. तसे करायचे असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. व्हॉट्सअॅपवरचे "ओके" म्हणजे ठराव नव्हे.

भांडण होते ते वाटणीपेक्षा हिशेबावर. गेटवर टँकर वही ठेवा: तारीख, वेळ, गाडी क्रमांक, लिटर, उतरवून घेणाऱ्याची सही आणि कमिटीतल्या एकाची सही. महिन्याचे बिल वहीशी ताडूनच द्या. टँकर दहा हजार लिटरचा म्हणून येतो आणि टाकीत तेवढे उतरत नाही, ही तक्रार प्रत्येक उन्हाळ्यात येते. संपची (जमिनीखालच्या टाकीची) लांबी, रुंदी आणि पाण्याची चढलेली उंची मीटरमध्ये मोजून गुणा आणि १००० ने गुणा, की लिटर मिळतात. चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद संपात दहा हजार लिटरने पातळी बरोबर एक मीटर चढली पाहिजे. टँकर उतरत असताना मोटार आणि नळाचे पाणी दोन्ही बंद ठेवा, नाहीतर माप चुकते.

उन्हाळ्याचा खर्च एकदम मागितला की थकबाकी वाढते. वार्षिक सभेतच बारा महिन्यांत विभागून "उन्हाळी पाणी निधी" ठरवून घ्या.

५. दोन जण तीन वर्षांपासून मेंटेनन्स देत नाहीत. कायद्यानं वसुली कशी करायची?

कलम १५४ ब-२९ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. पूर्वी हेच काम कलम १०१ खाली होत असे. पायऱ्या अशा.

आधी मेंटेनन्सचा दर सर्वसाधारण सभेने ठरवल्याचा ठराव हातात असला पाहिजे. दर महिन्याला किंवा तिमाहीला बिल द्या आणि पोच ठेवा. थकल्यावर रजिस्टर्ड पोस्टाने मागणी नोटीस पाठवा. तीत मुद्दल, व्याज आणि कालावधी वेगळे दाखवा. प्रतिसाद नसेल तर अंतिम नोटीस. मग वसुलीसाठी अर्ज करण्याचा आणि सही करणाऱ्याला अधिकार देण्याचा कमिटीचा ठराव. त्यानंतर तालुका उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात अर्ज, सोबत सभासदाचा खातेउतारा, बिलांच्या प्रती, नोटिसा व पोच, उपविधींचा संबंधित भाग, दोन्ही ठराव आणि चौकशी शुल्काचे चलन.

सुनावणीनंतर दाखला मिळाला की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. वसुली अधिकारी आधी जंगम आणि नंतर स्थावर जप्तीकडे जातो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणी) करायचे असेल तर थकबाकीदाराला ५० टक्के रक्कम संस्थेकडे भरावी लागते. अनेक प्रकरणे इथेच मिटतात.

अर्ज कशामुळे फेटाळले जातात? व्याजावर व्याज लावलेले असते. उपविधींत सरळव्याज आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींत कमाल दर वार्षिक २१ टक्के होता, पण लागू होतो तो तुमच्या नोंदणीकृत उपविधींतला. दुसरे, दर वाढवल्याचा ठरावच सापडत नाही. तिसरे, नोटीस वारलेल्या माणसाच्या नावाने गेलेली असते (प्रश्न १५). चौथे, अर्ज करताना कमिटीचीच मुदत संपलेली असते (प्रश्न १८).

थकबाकीदाराने मध्येच थोडी रक्कम दिली तर घ्या. पावतीवर "हक्क राखून, अंशतः जमा" असे लिहा.

अपार्टमेंट असोसिएशनला हा दाखल्याचा मार्ग जसाच्या तसा धरता येत नाही. तिथे थकलेली रक्कम सदनिकेवर बोजा ठरते आणि घोषणापत्र व उपविधींच्या आधारे दावा करावा लागतो.

६. तोवर त्यांचं पाणी तोडलं तर? लिफ्टचं कार्ड बंद केलं तर?

करू नका. पाणी ही अत्यावश्यक सेवा आहे. ती तोडली की थकबाकीदार तक्रारदार होतो आणि कमिटी आरोपीच्या जागी जाते. पाच लाख थकवलेल्या माणसालाही पाणी मिळाले पाहिजे. थकबाकीदारांची यादी सूचना फलकावर लावून त्यांचा अपमान करण्याचाही मोह टाळा. वार्षिक अहवालातला हिशेब पुरेसा आहे. वसुलीचा रस्ता प्रश्न ५ मध्ये आहे.

७. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी किती घ्यावा?

सिंकिंग फंड सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती व देखभाल निधी ०.७५ टक्के. जमिनीची किंमत धरायची नाही. बांधकाम खर्च १२ लाख असेल तर वर्षाला अनुक्रमे ३,००० आणि ९,००० रुपये, म्हणजे महिन्याला २५० आणि ७५०. सिंकिंग फंड रोजच्या खर्चाला वापरू नका. तो पुनर्बांधणी किंवा मोठ्या संरचनात्मक दुरुस्तीसाठी आहे.

इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. सिडकोच्या जुन्या वसाहतींमधल्या इमारती या वयाच्या केव्हाच पुढे गेल्या आहेत.

८. पतसंस्थेत दोन टक्के जास्त व्याज मिळतं. सोसायटीची एफडी तिथे ठेवली तर चालेल का?

नाही. आमचे याबद्दल ठाम मत आहे. मराठवाड्यात गेल्या काही वर्षांत पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या बंद पडल्या आणि ठेवीदार आजही पावत्या घेऊन फिरत आहेत. त्यात निवृत्तांचे फंड गेले, मुलींच्या लग्नाचे पैसे गेले. गृहनिर्माण संस्थेचा निधीही असाच अडकू शकतो. फरक इतकाच की त्याचा जाब कमिटीला विचारला जातो.

निधी कुठे गुंतवायचा हे कलम ७० ने ठरवले आहे. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतही सलग तीन वर्षे लेखापरीक्षणाचा "अ" वर्ग हवा, आणि मराठवाड्यातल्या सगळ्याच जिल्हा बँका या कसोटीला उतरतील असे गृहीत धरू नका. वर्ग विचारून लेखी घ्या. ठेव विम्याचे संरक्षण बँकेच्या ठेवीला आहे, तेही मुद्दल-व्याज मिळून एका बँकेत पाच लाखांपर्यंतच. पतसंस्था किंवा मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीच्या ठेवीला ते नाही. नावात "बँक"सारखा शब्द दिसला तरी रिझर्व्ह बँकेचा परवाना पाहा.

आधीच्या कमिटीने पैसे अडकवले असतील तर गप्प बसू नका. पावतीची प्रत, मागणीपत्र, पोच, कमिटीचा ठराव हे सगळे तयार करून अवसायक (बंद संस्थेचा हिशेब मिटवणारा अधिकारी) किंवा प्रशासकाकडे मुदतीत दावा दाखल करा आणि लेखापरीक्षकाला लेखी कळवा.

९. कमिटी किती रुपयांपर्यंत परस्पर खर्च करू शकते?

२०१४ च्या आदर्श उपविधींत दुरुस्तीसाठी एका वेळची मर्यादा सभासदसंख्येवर आहे: २५ पर्यंत सभासद असतील तर २५,००० रुपये, २६ ते ५० असतील तर ५०,०००, त्यापुढे एक लाख. त्यावर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. एकच काम तीन बिलांत तोडून मर्यादेखाली बसवणे लेखापरीक्षकाच्या लगेच लक्षात येते. वॉटरप्रूफिंग, रंगकाम, लिफ्ट बदल या कामांत कोटेशनआधी कामाचे माप ठरवा. चौरस फूट, थर आणि हमीची वर्षे सगळ्यांना सारखीच दिली नाहीत तर तीन कोटेशनांची तुलनाच होत नाही.

१०. ऑडिट आणि वार्षिक सभेच्या तारखा कोणत्या?

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत, शासनाच्या नामतालिकेवरील लेखापरीक्षकाकडून. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा आणि निबंधकांना विवरणे. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, विशेष सभेची पूर्ण ५ दिवस आधी. गणपूर्ती दोन-तृतीयांश किंवा २० सभासद, यांपैकी जे कमी असेल ते. गणपूर्ती नसेल तर अर्धा तास थांबून सभा तहकूब करा. लेखापरीक्षणातल्या दोषांवर "ओ" नमुन्यात दुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो.

११. सोसायटीला इन्कम टॅक्स, टीडीएस, जीएसटी लागतो का?

सभासदांकडून घेतलेला मेंटेनन्स, हस्तांतरण शुल्क, बिनवहिवाट शुल्क (फ्लॅट भाड्याने दिल्यावर घेतलेले, प्रश्न १६) हे परस्परतेच्या तत्त्वाने, म्हणजे सभासदांनी आपलेच पैसे आपल्यासाठी जमवले म्हणून, करपात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्यंकटेश प्रिमायसेस प्रकरणात हे स्पष्ट केले. मोबाईल टॉवरचे भाडे, गच्चीवरच्या जाहिरातीचे पैसे आणि बँकेच्या ठेवीवरचे व्याज यांवर मात्र कर येतो. सहकारी संस्थांना मिळणारी वजावट हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत भरावेच लागते. उशीर झाला की वजावट जाते.

टीडीएस, म्हणजे बिल देताना कापून भरायचा कर, विसरला जातो. सुरक्षा एजन्सी, लिफ्ट देखभाल, रंगारी ठेकेदार यांना एका बिलात ३०,००० किंवा वर्षात एक लाखापेक्षा जास्त देत असाल तर कपात करावी लागते: व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी किंवा फर्म असेल तर २ टक्के. त्यासाठी टॅन (कर कापणाऱ्याचा) क्रमांक घ्या. विवरणपत्राच्या उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे.

जीएसटी दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच लागतो: संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर आणि सभासदाचे मासिक शुल्क ७,५०० रुपयांवर. दर १८ टक्के. मर्यादा ओलांडल्यावर कर पूर्ण रकमेवर लागतो, असे २०१९ चे परिपत्रक म्हणते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फक्त वरच्या रकमेवर लागतो असे ठरवले. या टप्प्यावर असाल तर सीएचे लेखी मत घ्या.

१२. बारा वर्षं झाली, बिल्डरनं जमीन सोसायटीच्या नावावर केलेली नाही. काय करायचं?

मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे लोक ज्याला डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात: बिल्डरच्या सहीशिवाय जमीन संस्थेच्या नावावर करण्याचा आदेश. मोफा (सदनिका विक्रीच्या राज्य) कायद्यानुसार संस्था नोंदणीनंतर चार महिन्यांत बिल्डरने खरेदीखत करून द्यायचे असते. न दिल्यास जिल्हा उपनिबंधक हे सक्षम प्राधिकारी आहेत. अर्ज नमुना ७ मध्ये, २,००० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून.

आधी बिल्डरला आणि सातबाऱ्यावरच्या मूळ जमीनमालकाला वकिलाची नोटीस द्या. अर्जासोबत नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांची यादी, नोंदणीकृत करारनामे व इंडेक्स दोन, ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, आर्किटेक्टचा क्षेत्राचा दाखला आणि ठराव जोडा. भोगवटा प्रमाणपत्र बिल्डरने घेतलेच नसेल तरी अर्ज अडत नाही, स्वयंघोषणापत्र द्यावे लागते.

आदेश हातात आला की काम संपले असे समजून अनेक संस्था तो फाईलला लावतात. आदेशानंतर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय (मुद्रांक शुल्क किती ते ठरवून घेणे), मग दुय्यम निबंधकांकडे दस्त नोंदणी, मग फेरफार. सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव चढेपर्यंत जमीन तुमची झालेली नाही. सभासदांनी करारनाम्यावर पूर्ण मुद्रांक शुल्क भरलेले असेल तर ते वळते होते. जुन्या करारांवर कमी भरलेले निघाले तर फरक आणि दंड मागितला जातो, म्हणून करार आधीच तपासा.

एका गटात तीन-चार इमारती आणि सातबारा एकच असेल, तर अर्जाआधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. मंजूर नकाशा, करारनामा आणि मोजणी यांतले क्षेत्र जुळले नाही की प्रकरण तिथेच रेंगाळते.

१३. सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" किंवा "इनाम" लिहिलंय. घाबरायचं का?

घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. वर्ग २ म्हणजे हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली जमीन, वर्ग १ म्हणजे तसे निर्बंध नसलेली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या जमिनींचा इतिहास पुण्या-मुंबईपेक्षा वेगळा आहे. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेले), खिदमतमाश (सेवेसाठी दिलेले) असे इनाम. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० खाली कुळांना मिळालेल्या जमिनी. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यातल्या जमिनी. आणि वक्फ मिळकती. यांतल्या अनेकांच्या हस्तांतरणाला पूर्वपरवानगी लागते. परवानगीशिवाय झालेल्या विक्रीवर नंतर शर्तभंगाची कारवाई होऊ शकते.

करायचे असे: तहसीलमधून १९५४-५५ चे खासरा पत्रक, त्यानंतरचे सर्व फेरफार आणि अकृषिक आदेश काढा. जुने कागद उर्दू किंवा मोडीत असतील तर जाणकाराकडून भाषांतर करून घ्या. इतर हक्काच्या रकान्यातला प्रत्येक शब्द वाचा. वक्फची शंका असेल तर संभाजीनगरच्या वक्फ मंडळाच्या नोंदी पाहा. त्याचे न्यायाधिकरणही तिथेच आहे.

महत्त्वाची गोष्ट: मानीव अभिहस्तांतरणाने बिल्डर किंवा मालकाकडे जो हक्क होता तेवढाच संस्थेला मिळतो. मूळ दोष त्याने धुतला जात नाही. वर्ग २ चे वर्ग १ करण्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतंत्र करावा लागतो.

गुंठेवारी भागात रो-हाऊसेस असतील तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालचे नियमितीकरणाचे पत्र आधी हवे. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरच्या भूखंडाला सिडकोच्या अटी लागू असतात. तिथे बिल्डरकडून मालकी नव्हे, पट्ट्याचा हक्क येतो.

१४. तीनच वर्षांत स्लॅब गळतोय. बिल्डर फोन घेत नाही.

रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांत संरचना, कारागिरी किंवा सेवेतला दोष लेखी कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. फोन उपयोगाचा नाही. फोटो, तारीख आणि अभियंत्याच्या अहवालासह रजिस्टर्ड पोस्ट आणि ईमेल दोन्ही करा. संस्थेच्या पैशाने आधी दुरुस्ती करून टाकली तर दोषाचा पुरावा जातो, म्हणून निदान अहवाल आधी घ्या. स्टिल्ट (इमारतीच्या खांबांमधली) किंवा मोकळी पार्किंग बिल्डरने विकली असेल तर २०१० चा नहालचंद लालूचंद निकाल वाचा; ती जागा सामाईक आहे.

१५. सभासद वारले. वारसदार म्हणतात फ्लॅट आमचा, नॉमिनी म्हणतो माझा. नाव कोणाचं लावायचं?

वारसा दाखला, मृत्युपत्र किंवा नोंदणीकृत कौटुंबिक व्यवस्थेचा कागद आला तर त्यानुसार. तो नसेल तर नॉमिनीला तात्पुरता सभासद करा. नॉमिनी मालक होत नाही. मालकीचा वाद न्यायालय सोडवील. कमिटीने न्यायाधीश होऊ नये. तोवर बिल तात्पुरत्या सभासदाच्या नावाने काढा आणि वारसांनाही प्रत द्या.

१६. भाडेकरू ठेवणाऱ्याकडून आणि फ्लॅट विकणाऱ्याकडून किती घेता येतं?

बिनवहिवाट शुल्क सेवा खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत, त्यात मालमत्ता कर धरायचा नाही. हस्तांतरण प्रीमियमची कमाल महापालिका क्षेत्रात २५,००० रुपये, अ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ब वर्गात १५,०००, क वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. "देणगी" या नावाने वर घेतलेली रक्कम परत करण्याची वेळ येते.

१७. जुने सेक्रेटरी दप्तरच देत नाहीत.

लेखी मागणी, सात दिवसांनी स्मरणपत्र, मग निबंधकांकडे कलम ८० खाली अर्ज. दप्तर मिळताना पानांसह यादी करून दोघांच्या सह्या घ्या. तोवर बँकेला नव्या सह्यांचा ठराव द्या.

१८. कमिटीची पाच वर्षं संपली, निवडणूक झाली नाही. आम्ही कारभार चालवू शकतो का?

नाही. मुदत पाच वर्षांची आहे. संपल्यावर निबंधक प्रशासक नेमू शकतात. २५० पर्यंत सभासद असलेल्या संस्थांची निवडणूक संस्था स्तरावर घेता येते. मुदतीआधी सहा महिने मतदार यादीचे काम सुरू करा. मुदत संपल्यानंतर केलेले करार आणि वसुली अर्ज कच्चे राहतात.

१९. लिफ्ट, आग, सेप्टिक टँक यांत अपघात झाला तर?

लिफ्टची तपासणी विद्युत निरीक्षकाकडून नियमित करून घ्या. अग्निशमन यंत्रणेचा "ब" नमुना दाखला परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये. शहराबाहेरच्या वसाहतींत ड्रेनेज नाही, सेप्टिक टँक आहेत. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीत तयार होणाऱ्या विषारी वायूने क्षणात जीव जातो आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. फक्त यंत्राने उपसणारी गाडी बोलवा आणि तिची पावती जपून ठेवा.

२०. थकबाकीदाराचा फ्लॅट बँकेनं लिलावात विकला. मेंटेनन्स आता कोणाकडून घ्यायचा?

लिलाव "जसे आहे तसे" तत्त्वावर होतो. त्यामुळे वेळ महत्त्वाची. दारावर बँकेची ताबा नोटीस लागलेली दिसली की त्याच आठवड्यात बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला थकबाकीचा खातेउतारा आणि मागणीपत्र पाठवा, आणि लिलावाच्या जाहिरातीत संस्थेची थकबाकी नमूद करण्याची मागणी करा. तशी नोंद असेल तर खरेदीदाराला ती माहीत असल्याचे गृहीत धरले जाते आणि सभासदत्वाच्या अर्जावेळी रक्कम मागणे सोपे जाते. नोंद नसेल तर जुन्या सभासदावर वसुली दाखला (प्रश्न ५) आणि बँकेकडे विक्रीतून उरलेल्या रकमेवर दावा, दोन्ही एकाच वेळी दाखल करा. बँकेने उरलेली रक्कम कर्जदाराला परत केली की ती मिळवणे फार अवघड होते.